पांडोबाचं नाक

यंदा पौषात पांड्याचं नाक पुन्हा गुलाबी झालं, आणि द्वारकेनं त्याला तेल लावलं नाही. सकाळी शाळेला निघताना मी गाडी थांबवून तिला विचारलंच, "काय गं, यंदा औषधपाणी नाही का?" द्वारका पाल्याच्या कोपीसमोर चुलीत उसाचं पाचट सारत होती. ऊसतोडीला निघायची घाई, तरी मान वर करून हसली. "राहू द्या बाई," ती म्हणाली, "आक्कांना गुलाबीच आवडायचं." पांड्या ठकूआक्कांच्या बंद दाराच्या पायरीवर शेपूट गुंडाळून ऊन खात पडला होता. आक्का श्रावणात गेल्या. द्वारकेचं ते ऐकल्यावर पहिल्या तासाला मी वर्गात काय शिकवलं, ते मला विचारू नका.

ठकूआक्का म्हणजे आमच्या शेजारीण. सोनईच्या बाहेर, कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं आणि आमचं शेत बांधाला बांध लागून आहे. मी लग्न होऊन नगरहून इथं आले, तेव्हा सासूबाईंनी मला विरजण मागायला त्यांच्याकडे पाठवलं होतं. डोक्यावरचा पदर सांभाळत मी वाटी पुढं केली. आक्कांनी वाटीकडे बघितलंसुद्धा नाही. जवळ आल्या, माझी हनुवटी धरली, अंगठ्यानं माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि आत डोकावल्या.

"पांढरं फटक हाय की गं! नगरला काय उपाशी ठेवीत हुते का तुला?"

संध्याकाळी घरी शेंगदाणे आणि गुळाची ढेप आली. विरजण दुसऱ्या दिवशी मिळालं, तेही आठवण केल्यावर. मी शिक्षिका आहे हे कळल्यापासून त्या मला 'मास्तरीण' म्हणायला लागल्या, आणि माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही याची मला शंका आहे.

माणसाला 'कसा आहेस' असं आक्कांनी कधी विचारलं नाही. "इचारलं का बरं हाय म्हनतंय. मंग इचारायचं कशाला?" असं त्यांचं म्हणणं. त्या सरळ रंग बघायच्या. जीभ, नखं, पापणीच्या आतली बाजू, तळहात. पाया पडायला वाकलेला माणूस उठायच्या आत त्याची पापणी यांच्या अंगठ्याखाली असायची. निवडणुकीला उभा राहिलेला एक उमेदवार हात जोडून आला, तर त्याला सगळ्या कार्यकर्त्यांसमोर जीभ बाहेर काढायला लावली होती. त्यानं मुकाट्यानं काढली. आक्कांनी ती निरखून बघितली आणि म्हणाल्या, "पोट साफ न्हाई तुजं. मत देते, पन आदी पोटाचं बघ."

आता यात त्यांचं निदान बरोबर यायचं का? छे! निम्म्या वेळा साफ चुकायचं. एकदा माझ्या धाकट्या दिरांची नखं निळी दिसली, तर आक्कांनी दारातूनच बोंब ठोकली, "काळजाचं दुखनं हाय, काळजाचं! गाडी काढा!" सासूबाईंनी रडायला सुरुवात केली. तसेच सगळे नगरला पळालो. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, सगळं नीट तपासलं, मग कापसाला स्पिरिट लावून दिरांची नखं पुसली. कापूस निळा झाला. दिरांनी आदल्या दिवशी नवी जीन्स घातली होती, आणि पावसात भिजत, खिशात हात घालून गावभर फिरले होते. परत आल्यावर आम्ही सगळे आक्कांच्या दारात जाऊन उभे राहिलो, आता काय म्हणतात बघू म्हणून. आक्का म्हणाल्या, "तपासून आला ना? बरं झालं. आता पँट बदल."

हरणं त्यांना माहीत नव्हतं. वाद सुरू झाला की पदर कमरेला खोचायच्या, आणि पदर खोचला की समोरच्यानं आपलं सामान आवरावं. पण जनावरांशी हीच बाई इतकी अदबीनं बोलायची की ऐकणाऱ्याला हसू यावं. गावच्या पुढाऱ्याला 'काय रं' म्हणणाऱ्या आक्का म्हशीला 'अहो' म्हणायच्या. "अहो, जरा सरका. धार काढायचीय." कोंबड्याला 'या', मांजराला 'बसा'. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ते उलटून बोलत न्हाईत. म्हनून त्यांना मान द्यायाचा."

घरात त्या आणि म्हैस, एवढंच. मुलगा पुण्याकडे कंपनीत. तो, सून आणि नातू दिवाळीला गाडी घेऊन यायचे, आणि येताना दुधाच्या पिशव्या बर्फात घालून आणायचे, कारण नातवाला म्हशीच्या दुधाचा वास यायचा. आक्का त्याबद्दल सुनेला काही बोलल्या नाहीत. ते लोक गेले की त्या रिकाम्या पिशव्या धुऊन वाळत घालायच्या आणि त्यात बियाणं भरून ठेवायच्या.

दिवाळी झाली की ऊसतोडीची टोळी यायची. पाथर्डीकडची माणसं, दर साली तोच मुकादम. आक्कांचा रस्त्याकडेचा पडीक तुकडा त्यांना कोप्या घालायला मिळायचा आणि बोअरचं पाणीही. ट्रक थांबला की आधी लेकरं उतरायची, मग शेळ्या, मग भांडी-बिछाने, आणि सगळ्यांत शेवटी बिछान्यांच्या ढिगावरून एक बदामी-पांढरं कुत्रं उडी मारायचं आणि थेट आक्कांच्या दाराकडे पळत सुटायचं. हा पांड्या. कुत्रं द्वारकेचं. द्वारका आणि तिचा नवरा टोळीत कोयत्याला, आणि पांड्या दिवसभर कोपीची राखण करायला. म्हणजे तसं ठरलेलं होतं. प्रत्यक्षात राखणदार आक्कांच्या ओट्यावर असायचा, जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ताटलीत दूध-भाकरी खात.

"या पांडोबा," आक्का म्हणायच्या, "वाळलात जनू. तिकडं खायाला घालीत न्हाईत का काय?"

हे द्वारकेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. द्वारकाही काही गप्प बसणारी नव्हती. आणि इथून त्या दोघींचा तो दर हिवाळ्याचा तंटा सुरू व्हायचा, ज्याची आमचं अख्खं घर वाट बघायचं.

त्याचं असं होतं, की पांड्या यायचा तेव्हा त्याचं नाक काळं असायचं. थंडी पडायला लागली की ते कडेनं फिकट व्हायचं, मग तपकिरी, आणि पौष उजाडेपर्यंत मधोमध चांगलं गुलाबी. आक्कांच्या हिशेबी याचा अर्थ स्पष्ट होता. तिकडं उपासमारीनं काळवंडलेलं कुत्रं इकडं त्यांच्या दुधावर भरलं, अंगात रक्त आलं, ते नाकावर दिसलं. आल्यागेल्याला पांड्याची हनुवटी वर करून नाक दाखवायच्या, लोक नवं बाळ दाखवतात तसं.

द्वारकेच्या हिशेबी तेच नाक म्हणजे रोग. "आक्का, कोड फुटलंय त्येला. तुमच्या पान्यानं. दरसाल हितं आलं का आसंच व्हतंय. आमच्याकडं गेलं का आपसूक बरं व्हतंय."

"बरं व्हतंय? काळं पडतंय म्हन की! भुकेनं!"

"कुत्र्याचं नाक काळंच आसतंय आक्का!"

"उपाशी कुत्र्याचं!"

द्वारका संध्याकाळी फडातून आली की करंजीचं तेल आणि हळद कालवून पांड्याच्या नाकाला फासायची. सकाळी ती कोयता घेऊन गेली की आक्का ओल्या फडक्यानं ते पुसायच्या. पुसून होईपर्यंत पांड्या निम्मं चाटून टाकायचा. दोघींचं त्याच्यावर सारखंच प्रेम होतं आणि तो दोघींच्याही हाताखाली डोळे मिटून बसायचा. उन्हाळा तापायच्या आत गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडायचा, ट्रक भरायचा, आणि पांड्या निघून जायचा. जाताना त्याचं नाक गुलाबीच असायचं. त्यामुळं ते पुढं काळं कसं होतं हे आक्कांनी कधी पाहिलंच नव्हतं, आणि आपलं म्हणणं खरं आहे याची त्यांना खात्री होती.

गेल्या साली फाल्गुनात ट्रॅक्टर मागं घेताना ट्रॉलीच्या चाकाखाली पांड्याचा मागचा पाय सापडला. द्वारकेचं ओरडणं आमच्या घरापर्यंत आलं. गावातले जनावरांचे डॉक्टर आले, तरुण पोरगा, शांत स्वभावाचा. त्यानं पाय बसवून प्लास्टर घातलं आणि बजावलं की ट्रकचा प्रवास सध्या नको. आणि दोनच दिवसांत पट्टा पडला.

ट्रक निघाला त्या सकाळी द्वारका पांड्याला उचलून आक्कांच्या ओट्यावर घेऊन आली. तिनं त्याला खाली ठेवलं, पण हात काही काढवेना. "आक्का, पाय बरा झाला का निरोप द्या. मी न्याया येते. एसटीत घेत न्हाई म्हनले तर चालत नेते." आक्का म्हणाल्या, "जा गं, जा. पांडोबांची काळजी करू नको." चेहरा गंभीर ठेवला होता, पण मी त्यांना ओळखते. गुडघेदुखी विसरून त्या आत गेल्या आणि स्वतःच्या पांघरायच्या गोधडीची घडी घालून पांड्यासाठी आणली.

त्यानंतरचे दिवस आक्कांचे फार सुखाचे गेले. सकाळी पांडोबांचं दूध, दुपारी पांडोबांची झोप. ती झोप चालू असताना आमच्या मळ्यातला पंपसुद्धा मोठ्यानं चालू नये अशी त्यांची अपेक्षा होती. महिन्याभरात प्लास्टर निघालं. पांड्या आधी लंगडत आणि मग नीट चालायला लागला. द्वारकेचा फोन माझ्या मोबाईलवर यायचा, कारण आक्कांचा मोबाईल कायम चार्जिंगला लावलेला असायचा आणि त्यावर बोलायचं त्यांच्या मनात यायचं नाही. मी स्पीकर लावून फोन त्यांच्यासमोर धरायची.

"आक्का, पाय कसा हाय त्येचा?"

"अजून टेकीत न्हाई गं."

त्या वेळी पांड्या अंगणात कावळ्यांच्या मागं धावत होता. मी आक्कांकडे बघितलं. आक्का भिंतीकडे बघत होत्या.

पण एक गोष्ट त्यांच्याही नजरेतून सुटली नव्हती. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला की पांड्या असेल तिथून उठायचा, फाटकाशी जायचा, आवाज विरेपर्यंत कान टवकारून उभा राहायचा आणि मग तिथंच बसायचा. दूध पिऊन झालं की तिथंच, भाकरी खाऊन झाली की तिथंच. आक्का म्हणायच्या, "हवा लागती तिथं त्यांना." मी हो म्हणायची.

आणि चैत्रात नाक काळं पडायला लागलं.

आधी कडा तपकिरी झाल्या. आक्कांनी दूध वाढवलं. मग जांभूळ चोळल्यासारखा डाग मधल्या भागावर आला. आक्कांनी अंडं सुरू केलं. वैशाखाचं ऊन रणरणायला लागलं तसं उरलेलं गुलाबीही गेलं. आक्का साजूक तूप घालायला लागल्या आणि पांड्या दिसामाजी गोल होत गेला, पण नाक मात्र काळं ते काळंच. एका दुपारी मी गेले तर त्या ओट्यावर बसल्या होत्या, पांड्याचं डोकं मांडीवर घेऊन, आणि पदराच्या टोकानं ते नाक हळूहळू पुसत होत्या. जणू पुसून निघालं असतं.

"झुरतंय गं हे," मला म्हणाल्या. पहिल्यांदाच 'अहो' म्हणायचं राहून गेलं. "डॉक्टरला फोन लाव."

डॉक्टर आला. पाय दाबून बघितला, डोळे बघितले, नाक उजेडाकडे करून बघितलं. "प्लास्टिकच्या भांड्यात खातो का?"

"जर्मनच्या ताटलीत खातात ते," आक्का जरा फणकाऱ्यानंच म्हणाल्या.

"नाही, काही कुत्र्यांचं प्लास्टिकच्या भांड्यामुळंही नाक पांढुरकं पडतं, म्हणून विचारलं. पण याला काहीच झालेलं नाही आक्का. जखम नाही, खपली नाही. याचं नाक दर थंडीत गुलाबी होतं ना? अशा फिकट रंगाच्या काही कुत्र्यांचं होतं तसं. थंडीचे दिवस आले की नाकातला काळा रंग तयार व्हायचा कमी होतो, ऊन वाढलं की पुन्हा भरून येतो. नेमकं कसं होतं ते आम्हालाही पुरतं माहीत नाही. पण हा आजार नाही."

आक्कांनी पांड्याचं नाक पुन्हा एकदा उजेडाकडे धरून बघितलं. मग विचारलं, "म्हंजे दरसाल गुलाबी व्हायचं, ते माझ्या दुधानं न्हाई?"

"नाही आक्का. दुधाचा काही संबंध नाही."

"आन द्वारकी म्हनती तसं आमच्या पान्यानं?"

"त्यानंही नाही. थंडीनं."

एरवी द्वारका खोटी पडली म्हणून आक्कांनी गावात साखर वाटली असती. पण त्या तशाच बसून राहिल्या. डॉक्टर गाडीला किक मारून गेला. पांड्या उठला, अंग झाडलं आणि फाटकाशी जाऊन बसला. मला वाटलं आता पदर खोचतील, डॉक्टरला चार शब्द ऐकवतील. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "मला वाटायचं मास्तरीण, माझ्या हातचं कुनाला तरी लागतंय."

त्या वेळी मला त्यांची कीव आली नाही, माया आली. माझ्या अंगात जे काही रक्त आहे ते याच बाईच्या शेंगदाण्या-गुळाचं, असं सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. त्यांच्यापुढं असलं काही बोललं की त्या जीभ दाखवायला लावायच्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी अंगण झाडत होते तोवर आक्का नवं इरकल नेसून फाटकात हजर. मागं पांड्या.

"गाडी काढ मास्तरीण. पांडोबांना पोचवून येऊ. पाय बरा झालाय त्यांचा."

"कधी बरा झाला?"

"मला काय ठावं? आज बघितला."

आम्ही निघालो. मागच्या सीटवर पोतं अंथरून पांड्याला बसवलं, त्याच्या शेजारी आक्का. घोडेगावपर्यंत त्या त्याच्याशी बोलत होत्या, तिकडं पाणी कमी आहे, जपून प्या, शेळ्यांच्या नादी लागू नका, असं काहीबाही. मिरी गेलं आणि त्या गप्प झाल्या. आरशात बघितलं तर त्यांचा हात पांड्याच्या पाठीवर होता आणि पांड्याचं तोंड खिडकीबाहेर. पाथर्डीच्या पुढं डोंगर जवळ दिसायला लागले तसा तो कुईकुई करू लागला. आधी उभा राहिला, मग आक्कांच्या मांडीवरून दुसऱ्या खिडकीला गेला, पुन्हा इकडे आला. "आलं, आलं," आक्का म्हणत होत्या, "तुमचंच गाव आलं."

गावाच्या तोंडाशी पाण्याचा टँकर उभा होता आणि भोवती बायकांची गर्दी. मी दार उघडलं मात्र, पांड्या त्या गर्दीत घुसला. द्वारकेचा हंडा हातातून निसटून दगडावर आपटला, एवढं मला ऐकू आलं. आम्ही पोचेपर्यंत ती मातीत बसली होती आणि कुत्रं तिचं तोंड, मान, हात, सगळं चाटत सुटलं होतं. तिनं त्याचा पाय चाचपून बघितला. मग त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून वर केलं, आणि एकदम ओरडली.

"आक्का! नाक! काळं झालं की हो! आवं, काळंकुळकुळीत झालं!"

आक्कांनी इरकलाचा पदर डोक्यावर सारखा केला.

"तुमच्याजवळ राहून बरं झालं हे. आन मी येडी, दरसाल तुमच्या पान्याला नावं ठेवीत हुते. तुमचं दूध लागलं आक्का त्येला. तुमच्या हाताला गुन हाय."

इतक्या हिवाळ्यांच्या भांडणात जे ऐकायला आक्का टपलेल्या होत्या, ते सगळं द्वारकेनं एका दमात, टँकरभोवतीच्या सगळ्या बायकांसमोर देऊन टाकलं होतं. फक्त 'व्हय' म्हणायचा अवकाश होता. मी आक्कांकडे बघत उभी राहिले. त्या पुढं झाल्या, गुडघ्यावर हात टेकून कशाबशा वाकल्या आणि द्वारकेच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझं काय न्हाई गं त्यात," त्या म्हणाल्या. "लई दूध पाजलं मी, काय उपेग झाला न्हाई. तुज्याकडं यायाचं ठरलं, तवा झालं ते काळं."

द्वारका पांड्याच्या मानेत तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागली. आक्का तशाच वाकून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. ऊन मी म्हणत होतं, डोक्यावरचा पदर घसरून खांद्यावर आला होता. तेवढ्यात त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि डोळे वटारले, की डॉक्टरचं इथं एक अक्षर काढायचं नाही.

मी काढलं नाही. द्वारकेला ते अजूनही माहीत नाही.